‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस’: विषमतेचे आलेख आणि त्यांतून वाचता येणारे राजकारण

मोजक्या हातांत संपत्ती एकवटलेली असताना पुरोगामी राजकीय बदल शक्य आहे का, ही चर्चा बहुधा हताशेत किंवा घोषणांत संपते. ती पुराव्यावर आणायची असेल, तर ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस’ या विनामूल्य ऑनलाइन सेवेइतके उपयुक्त साधन माझ्या पाहण्यात नाही. टोमा पिकेटी, अँथनी अ‍ॅटकिन्सन, इमॅन्युएल साएझ आदी अर्थतज्ज्ञांचा हा संग्रह 2011 मध्ये केवळ सर्वोच्च उत्पन्नांच्या नोंदींपासून सुरू झाला. आज त्यात प्राप्तिकराच्या नोंदी, कुटुंबांच्या पाहण्या आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब यांचा मेळ घातलेला आढळतो. देश निवडावा, वरचा 1 टक्का किंवा तळचे 50 टक्के निवडावेत, की आलेख समोर येतो आणि मूळ आकडेही उतरवून घेता येतात.

याच चमूच्या 2022 च्या अहवालानुसार जगातील 76 टक्के संपत्ती वरच्या 10 टक्के लोकांकडे आहे, तर तळच्या अर्ध्या लोकसंख्येकडे जेमतेम 2 टक्के. हा आकडा वाचून मन खचते. परंतु या सेवेचे खरे मोल तुलनेत आहे. 1980 मध्ये अमेरिका आणि पश्चिम युरोप या दोन्हीकडे वरच्या 1 टक्क्याचा उत्पन्नातील वाटा साधारण 10 टक्के होता. 2016 पर्यंत तो अमेरिकेत 20 टक्क्यांवर गेला, युरोपात मात्र 12 टक्क्यांच्या आसपासच राहिला. तंत्रज्ञान तेच होते आणि जागतिक व्यापारही तोच होता, त्यामुळे या फरकाचे मूळ कररचना, किमान वेतन, शिक्षण आणि कामगार संघटनांचे बळ यांतच शोधावे लागते.

स्वीडनचा आलेख मी सर्वाधिक वेळ पाहिला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथे स्थानिक निवडणुकांत संपत्तीच्या प्रमाणात मते मिळत, कंपन्यांनाही मतदान करता येई आणि काही खेड्यांत निम्म्याहून अधिक मते एकाच धनिकाच्या हाती असत. शेजारी देशांतील क्रांतीच्या छायेत 1918 मध्ये सत्ताधाऱ्यांनी माघार घेतली, 1921 मध्ये स्त्रियांसह सर्वांनी मतदान केले, आणि 1932 पासून कामगार संघटनांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या पक्षाने देशाची घडी बदलली. म्हणजे बदल अशक्य नव्हता. तो कायम टिकलाही नाही, कारण याच देशाने पुढे वारसा कर आणि 2007 मध्ये संपत्ती कर रद्द केला.

मात्र ही सारी कथा आलेखात नाही, ती वाचकाला बाहेरून आणावी लागते. रेषा वाकलेली दिसते, ती वाकवणारे हात दिसत नाहीत. शिवाय संपत्ती परदेशी खात्यांत दडवली जाते आणि अनेक देशांत करनोंदी तुटपुंज्या आहेत, म्हणून आकड्यांसोबत दिलेला विश्वासार्हतेचा दर्जा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सुदैवाने 50 लोकशाही देशांतील मतदानाचा वेध घेणारा एक भगिनी संग्रह 2021 पासून उपलब्ध आहे. पाश्चात्त्य देशांत 1950 च्या दशकात अल्पशिक्षित आणि अल्प उत्पन्नाचे मतदार डाव्या पक्षांकडे असत. आता उच्चशिक्षित डावीकडे, तर उच्च उत्पन्नाचे मतदार अजूनही उजवीकडे आहेत, असे त्यात दिसते. म्हणजे अल्पशिक्षित आणि अल्प उत्पन्नाचे मतदार आता पूर्वीसारखे एका बाजूला उभे नाहीत. विषमता वाढूनही पुनर्वाटपाची मागणी करणारे बहुमत का जुळत नाही, याचे मला पटलेले पहिले उत्तर येथे सापडले.