कायमची म्हणून बसवलेली टेम्पररी कॅप

रूट कॅनाल झालेल्या माझ्या खालच्या दाढेवर झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, खूप कडक पदार्थाची) कायमची कॅप बसवली, असं मला सांगण्यात आलं. पैसेही झिर्कोनियाचेच घेतले, तेही कॅपसाठी दाढ घासून लहान करायच्या आधी आणि पूर्ण. प्रत्यक्षात बसवली होती ॲक्रिलिकची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची, टेम्पररी कॅप. ती सारखी सैल होत राहिली, दर वेळी वेगळे पैसे घेऊन परत चिकटवली गेली आणि तेवढ्या काळात खाली दाढ किडत गेली. तोंडात आत काय बसवलंय ते आपल्याला दिसत नाही. रूट कॅनालमध्ये नस काढलेली असते, त्यामुळे दात किडायला लागला तरी ठणका येत नाही. म्हणून हे सगळं तपशिलात लिहितोय.

टेम्पररी कॅप सैल होणं हा मुळात गुन्हा नाही, हे आधी सांगायला हवं. दाढ घासून माप कॅप बनवणाऱ्या लॅबला गेलं की कायमची कॅप येईपर्यंत ती उघडी ठेवता येत नाही. म्हणून ॲक्रिलिक किंवा तशाच रेझिनची एक तात्पुरती कॅप, बहुतेकदा दवाखान्यातच बनवून, वर बसवतात. ती चिकटवायचं सिमेंटही मुद्दाम कमी धरणारं असतं, कारण दोन-तीन आठवड्यांत ती दाढेला धक्का न लावता काढायची असते. मधेच निघाली तर चांगले डॉक्टर ती परत बसवून देतात आणि खरी कधी येणार तेही सांगतात. हिरडीची शस्त्रक्रिया वगैरे असेल तर टेम्पररी कॅप जास्त दिवस ठेवावी लागते, पण तेव्हा तसं स्पष्ट सांगितलेलं असतं. माझ्याकडे मात्र टेम्पररी कॅपच कायमची म्हणून बसवली.

‘कॅप आली, या,’ असा फोन आला. खुर्चीत बसलो, जुनी काढली, नवी चिकटवली आणि काही मिनिटांत बाहेर. खरी कॅप बसवताना काय काय करतात ते मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे समजलं. आधी कॅप न चिकटवता नुसती बसवून बघतात. शेजारच्या दातांना ती नीट टेकते का, हे फ्लॉसचा धागा ओढून पाहतात. रंगीत कागद चावायला देऊन कुठे जास्त दाब येतो ते तपासतात आणि तेवढं घासतात. कडा दाढेवर बरोबर बसली की नाही, यासाठी गरज वाटली तर एक्स-रे काढतात. रंग पेशंटला आरशात दाखवतात आणि मग कायमच्या सिमेंटने पक्की करतात. यातलं काहीही माझ्या बाबतीत झालं नव्हतं.

काही दिवसांनी त्या बाजूला घाणेरडी चव यायला लागली. जिभेने ढकलली की कॅप किंचित फिरायची. दवाखान्यात फोन केला तर, ‘या, चिकटवून देऊ,’ आणि पुन्हा बिल. असं होतच राहिलं. कारण विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही रात्री झोपेत दात खाता.’ त्यावर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, घ्यायला लावलं. पुढच्या वेळी, ‘तुमची दाढच बुटकी आहे, तिला पकड मिळत नाही.’ ही दोन्ही कारणं खरी असू शकतात आणि म्हणूनच ती खपतात. दात खाण्याने कॅप सैल होते, उंची कमी असलेल्या दाढेवर पकड कमी मिळते, हे कुठलाही दंतवैद्य मान्य करेल. खोट्याला असा खऱ्याचा टेकू दिला की पेशंट आपल्याच तोंडाला दोष देत बसतो. पण दाढ बुटकी आहे हे घासतानाच दिसतं. ते तेव्हा न सांगता कॅप सैल झाल्यावर सांगणं मला आजही पटत नाही.

शेवटी एकदा दात घासताना ती कॅप हातातच आली. प्लास्टिकच्या बटणासारखी हलकी. झिर्कोनियाची घनता ॲक्रिलिकच्या साधारण पाचपट असते, म्हणजे त्याच आकाराची झिर्कोनियाची कॅप हातावर घेतली तर वजन लगेच जाणवतं. चावायची बाजू झिजून सपाट झाली होती आणि एका कडेला तडा होता. झिर्कोनिया इतक्या लवकर असं झिजत नाही. मी ती कॅप घेऊन थेट दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी ती दाढेवर परत ठेवली आणि एक्स-रे काढला. पडद्यावर माझी घासलेली दाढ जवळजवळ उघडीच दिसत होती. धातू आणि झिर्कोनिया एक्स-किरण अडवतात, त्यामुळे अशी कॅप एक्स-रेत ठळक पांढरी, भरीव दिसते. साधं ॲक्रिलिक जवळपास दिसतच नाही. काही रेझिनमध्ये किरण अडवणारे कण मिसळलेले असतात, ते थोडंसं उमटतं, पण झिर्कोनियाइतकं पांढरं कधीच नाही. टोकदार उपकरणाने त्यांनी कॅपवर रेघ ओढली, तर ओरखडा उमटला. इतका साधा एक एक्स-रे आधीच्या दवाखान्याने कॅप बसवल्यावर कधीच काढला नव्हता, आणि तो का काढला नसेल हे त्या पडद्याकडे बघताना कळलं.

नुकसान कॅपच्या पैशांपेक्षा मोठं निघालं. सैल कॅपच्या फटीतून लाळ आणि जंतू आत झिरपत राहिले होते. दाढेच्या कडेला हिरडीखालपर्यंत कीड गेली होती. झिरपण रूट कॅनालच्या भरणापर्यंत पोचल्यामुळे तेही काढून पुन्हा करावं लागलं. निरोगी कड मिळावी म्हणून हिरडी थोडी कापावी लागली. दाढ वाचली, पण तिचा जो भाग किडून गेला तो परत येणार नाही, आणि या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा पहिलं उत्तर मिळालं, ‘बिलावर झिर्कोनिया कुठे लिहिलंय?’ खरंच नव्हतं. बिलावर फक्त ‘कॅप’ होतं. पण उपचाराच्या सुरुवातीला दिलेल्या कार्डावर त्यांच्याच अक्षरात ‘झिर्कोनिया’ लिहिलेलं होतं आणि ते कार्ड माझ्याकडे होतं. ते, नवा एक्स-रे आणि दुसऱ्या डॉक्टरांनी लेखी दिलेला अहवाल जोडून मी पत्र दिलं. दंतवैद्यांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे तक्रार करणार असंही त्यात लिहिलं. त्यानंतर कॅपचे पैसे परत मिळाले. दर वेळी चिकटवायचे घेतलेले पैसे आणि नाइट गार्डचे पैसे मिळाले नाहीत. लॅबची पावती शेवटपर्यंत दाखवली नाही. माझ्या मते ती नव्हतीच.

म्हणून कॅप करून घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, बिलावर कॅप कशाची आहे ते लिहून घ्या: झिर्कोनिया, सिरॅमिक, धातू, जे असेल ते. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. काही रक्कम कायमची कॅप बसेपर्यंत हातात ठेवा. लॅबची पावती किंवा वॉरंटी कार्ड असेल तर ते बसवायच्या दिवशीच मागा, नंतर मिळत नाही. बसवल्यावर एक एक्स-रे काढून त्याची प्रत घ्या. आणि कायमची म्हणून बसवलेली कॅप दुसऱ्यांदा सैल झाली तर तिसऱ्यांदा तिथेच चिकटवून घेऊ नका, आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

टेम्पररी असो की कायमची, सैल झाली तर दोन गोष्टी अजिबात करू नका. घरातल्या सुपरग्लूने चिकटवू नका. तो तोंडात वापरायचा नसतो, हिरडीला इजा करतो, आणि तिरकी चिकटली तर काढताना दाढ तुटू शकते. दुसरं, हलणारी कॅप तोंडात ठेवून झोपू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. काढून, धुऊन डबीत ठेवा. औषधाच्या दुकानात तात्पुरतं डेंटल सिमेंट मिळतं, त्याने एक-दोन दिवस निभतं. पण टेम्पररी कॅप निघाली तर ‘खरी येईलच’ म्हणून दाढ तशीच उघडी ठेवू नका. शेजारचे दात सरकतात, समोरच्या जबड्यातला, त्यावर टेकणारा दात पोकळीकडे वाढतो, हिरडी कडेवर चढते, आणि मग लॅबमधून आलेली कॅप बसतच नाही. ती पुन्हा बनवायचा खर्चही पेशंटवरच पडू शकतो.

आणि कॅप हातात आली की दवाखान्यात देण्याआधी तिचा आतून, बाहेरून आणि चावायच्या बाजूने फोटो काढा. नवी बसवली तर जुनी मागून घ्या. माझी ॲक्रिलिकची कॅप आजही पाकिटात, अहवालाला टाचून ठेवलेली आहे. तक्रार पुढे न्यावी लागली असती तर तीच सगळ्यात मोठा पुरावा ठरली असती.