नवी व्हार्मिंट रायफल आणि तीस काडतुसं: लॅडर टेस्ट, ओसीडब्ल्यू की दहा-दहाचे ग्रुप?

व्हार्मिंट म्हणजे लहान उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीसाठी जाड नळीची बोल्ट ॲक्शन .२२३ रेमिंग्टन रायफल घेतली आहे, घरी काडतुसं भरायचा रीलोडिंग प्रेस टेबलाला बसवून झाला आहे आणि जूनमध्ये साउथ डाकोटा किंवा वायोमिंगच्या माळावर प्रेअरी डॉगच्या (बिळांच्या वसाहतींत राहणारा खारीच्या कुळातला प्राणी) मागे जायचा बेत आहे. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी जे या छंदात पडतात, त्यांच्यापुढे पहिला पेच असतो तो चाचणीचा. रायफलला कुठलं काडतूस मानवतं हे ठरवायला प्रत्येक जण वेगळी पद्धत सांगतो, आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) काही फुकट मिळत नाहीत. (भारतातल्या वाचकांसाठी एवढंच: शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. तेव्हा हे सगळं तिकडचं समजून वाचा.)

आधी गरज किती ते पाहू. प्रेअरी डॉगच्या अंगाची रुंदी साधारण तीन इंच. १ एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, म्हणजे ३०० यार्डांवर तीन इंचांहून किंचित जास्त. दहा फैरींचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) खरोखर १ एमओएमध्ये ठेवणारी रायफल ३०० यार्डांपर्यंत पुरते. आता वारा घ्या. ५५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) व्ही-मॅक्स गोळी ३२०० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास निघाली, तर ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर ती सुमारे दहा इंच सरकते. अर्धा एमओए आणि पाऊण एमओए यांतला फरक त्याच अंतरावर एक इंचसुद्धा भरत नाही. पाव एमओएसाठी रात्र रात्र पावडर तोलणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

पद्धतींमधली सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे दहा वेगवेगळे चार्ज (काडतुसातल्या पावडरीच्या मात्रा), प्रत्येकी तीन फैरी, आणि सर्वांत लहान ग्रुप दिसेल तो चार्ज कायमचा. कागदावर हे फार शास्त्रीय दिसतं. अडचण अशी की एकाच काडतुसाचे तीन-तीन फैरींचे ग्रुप आपसांत प्रचंड बदलतात. सरासरी ०.८ इंच देणारं काडतूस आज अर्धा इंच दाखवेल आणि उद्या सव्वा, आणि त्यात ना काडतुसाचा गुण ना दोष. असे दहा ग्रुप मांडले की त्यांतला एखादा नुसत्या योगायोगानंच देखणा निघतो. आपण त्याचा फोटो काढतो, चार्ज डायरीत लिहून ठेवतो, आणि पुढच्या आठवड्यात तेच काडतूस इंचाचा ग्रुप दाखवतं. मग दोष प्रायमरला, नाहीतर स्कोपच्या माउंटला. गणित साधं आहे: दहा फैरींचा ग्रुप सरासरीनं तीन फैरींच्या ग्रुपच्या दीडपटीहून थोडा मोठाच येतो. तीनमध्ये पाऊण इंच दिसलं तर दहामध्ये १.२ इंचाची तयारी ठेवा. रायफल बिघडलेली नसते.

लॅडर टेस्ट क्रेटन ऑडेट या जुन्या हाय पॉवर नेमबाजाच्या नावानं ओळखली जाते. २०० किंवा ३०० यार्डांवर एकच लक्ष्यबिंदू धरायचा, चार्ज पायरीपायरीनं वाढवत प्रत्येकी एकच गोळी झाडायची, आणि ज्या लागोपाठच्या गोळ्या एकाच उंचीवर पडतील तो पट्टा निवडायचा. दहा-बारा काडतुसांत काम आटोपतं, हे तिचं आकर्षण. पण .२२३ मध्ये ०.२ ग्रेनच्या पायरीनं वेग फार तर वीसेक फूट प्रतिसेकंद बदलतो, आणि त्यानं ३०० यार्डांवर गोळी जेमतेम पाव-अर्धा इंच वरखाली होते. एक एमओएच्या रायफलचा स्वतःचा उभा विखुर त्याहून मोठा असतो. त्यामुळे तीन गोळ्या एका उंचीवर आल्या तरी तो चार्जचा प्रताप की नशिबाचा, हे त्या कागदावरून कळत नाही. लॅडरचा खरा उपयोग दुसरा आहे: नव्या नळीत दाब कुठे चढायला लागतो हे थोड्या काडतुसांत समजतं. रीलोडिंग मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या चार्जपासून वर जा, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) वेग बघत राहा. बोल्ट उचलायला जड गेला किंवा केसच्या (काडतुसाचं पितळी कवच) बुडावर इजेक्टरची (ते बाहेर फेकणारा भाग) चकाकती खूण उठली की तिथेच थांबा, मॅन्युअलची कमाल मर्यादा अजून दूर असली तरी.

डॅन न्यूबेरीची ओसीडब्ल्यू (ऑप्टिमल चार्ज वेट) पद्धत याहून विचारी वाटते. ती १०० यार्डांवर करतात, आणि ग्रुप किती लहान यापेक्षा त्याचं केंद्र कुठे पडलं याकडे बघतात. लागोपाठच्या दोन-तीन चार्जची केंद्रं एकाच जागी आली तर तो पट्टा बरा मानतात. प्रत्येक केंद्र तीनच गोळ्यांवर ठरतं, त्यामुळे मघाची शंका इथेही उरतेच. पण तिच्यातली एक गोष्ट जरूर उचला: एका चार्जच्या तिन्ही फैरी सलग झाडायच्या नाहीत, पहिल्या चार्जची एक, दुसऱ्याची एक, अशा फेऱ्या घ्यायच्या. तापत जाणारी नळी, बदलता वारा आणि आपला थकलेला खांदा या सगळ्यांचा वाटा मग सर्वांना सारखा मिळतो.

माझं मत चौथ्या वाटेला. तीस काडतुसं असतील तर दहा चार्जवर उधळू नका, तीन उमेदवार निवडा आणि प्रत्येकी दहा फैरी द्या. दोन वेगळ्या गोळ्या घरी भरलेल्या आणि तिसरा उमेदवार म्हणून फॅक्टरीचं चांगलं व्हार्मिंट काडतूस. पाच-पाचच्या फेऱ्या घ्या, मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, दहाही भोकं एकाच कागदावर मोजा. ०.९ आणि १.० मधला फरक एवढ्यानंही कळणार नाही. पण ०.८ आणि १.४ मधला कळतो, आणि शिकारीत कामाचा तेवढाच आहे. फॅक्टरीचा डबा घरच्या काडतुसांच्या बरोबरीनं निघाला तर वाईट वाटून घेऊ नका, वर्षाकाठी शे-दोनशे फैरी झाडणाऱ्याचे त्यात कष्ट वाचले. प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर मात्र दिवसाला काही शे फैरी सहज उडतात, आणि तिथे घरच्या भरणीचा हिशेब जमतो. २५ ग्रेनचा चार्ज धरला तर एका पौंडाच्या डब्यात (७००० ग्रेन) २८० काडतुसं होतात, आणि ब्रास (रिकामी केस) परत परत वापरता येतो.

ग्रुपवर चार्जच्या दोन-चार दशांश ग्रेनपेक्षा गोळीचा परिणाम जास्त होतो, म्हणून उमेदवार निवडताना डोकं तिथे चालवा. हॉर्नडीच्या ५५ ग्रेन व्ही-मॅक्सचा बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापायची क्षमता) .२५५ आहे, ५३ ग्रेनचा .२९०. वजन दोन ग्रेन कमी, तरी वाऱ्यात कमी सरकते. नळीचा ट्विस्ट (आतल्या पिळाचं प्रमाण, १:१२ म्हणजे बारा इंचांत एक फेरा) आधी बघा: १:१२ ला ४० ते ५५ ग्रेन ठीक, पण सिएराच्या ६९ ग्रेन मॅचकिंगला १:१० किंवा त्याहून जलद ट्विस्ट लागतो. .२२-२५० हे मोठं काडतूस वापरणाऱ्यांनी तर फैरी आणखी जपून खर्चाव्यात. तेवढ्याच बोअरमधून जवळपास दीडपट पावडर जळते आणि नळीचा घसा (गोळी जिथून नळीत शिरते तो भाग) लवकर झिजतो, तेव्हा लांबलेली चाचणी म्हणजे नळीचं आयुष्य बेंचवर जाळणं.

पावडरीत दोन घराणी. एच३३५ सारखी बॉल पावडर (गोल दाण्यांची) मेजरमधून, म्हणजे पावडर मापून ओतणाऱ्या साधनातून, पाण्यासारखी ओतली जाते, हजार काडतुसं भरताना याची किंमत कळते. पण ती तापमानाला संवेदनशील आहे: फेब्रुवारीच्या थंडीत कमाल मर्यादेपाशी ठरवलेला चार्ज जूनच्या उन्हात दाब वाढवू शकतो. व्हार्गेट यात स्थिर, पण तिच्या लांबट कांड्या मेजरमध्ये अडकतात. बेंचमार्क आणि आयएमआर ८२०८ एक्सबीआर या बारीक कांडीच्या पावडरी दोन्ही बाजू बऱ्यापैकी सांभाळतात, नव्या माणसानं यांतलीच एक घ्यावी. क्रोनोग्राफवरच्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (फैरीफैरीतल्या वेगाच्या फरकाचा आकडा) मागे फार लागू नका, ३०० यार्डांवर वेगात ५० फुटांचा फरक पडला तरी गोळी पाऊण इंचाच्या आसपासच वरखाली होते.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर निवड आणखी आखडते. १ जुलै २०१९ पासून तिथे बंदुकीनं कुठलाही वन्यप्राणी मारायला शिसेविरहित गोळीच लागते. बार्न्सची व्हार्मिंट ग्रेनेड किंवा हॉर्नडीची एनटीएक्स यांपैकी एक मग तीन उमेदवारांत असायलाच हवी. या गोळ्या वजनाच्या मानानं लांब असतात, त्यामुळे शिशाच्या गोळीचा चार्ज आणि सीटिंग डेप्थ (गोळी केसमध्ये किती खोल बसवायची ते) तशीच उचलू नका, त्या गोळीचा स्वतंत्र डेटा बघून खालपासून सुरुवात करा.