डुप्लिकेट कॉम्बिनेशन स्विच: वायपरला चालेल, हेडलाइटला रिलेशिवाय नको

जुन्या गाडीच्या स्टेअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे इंडिकेटर, दिवे आणि वायपर चालवणाऱ्या दांड्यांचा स्विच, गेला की कंपनीचा मूळ भाग शोधायचा, तो बहुतेक मॉडेलांसाठी बंद झालेला असतो, आणि मग हातात पडतो साध्या खोक्यातला डुप्लिकेट. हे परीक्षण त्याच मालाचं. पाचपैकी अडीच. हेडलाइटला वेगळा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावला तर साडेतीन.

आधी दोष स्विचचाच आहे ना, ते बघा. हॅझर्ड चारही दिवे नीट लुकलुकवतो, पण डावं-उजवं इंडिकेटर लागत नाही, तर बल्ब आणि त्यांची अर्थ (गाडीच्या बॉडीला गेलेली निगेटिव्ह जोडणी) ठीक आहेत. मग संशय स्विचवर किंवा इंडिकेटरच्या फ्यूजवर. एकाच बाजूला फार जलद लुकलुकत असेल तर तो बहुधा उडालेला बल्ब, स्विचला हात लावायची गरज नाही. हेडलाइट लागतो-विझतो, दांडी थोडी धरून ठेवली की लागतो, आणि कव्हरला हात लावला तर गरम लागतं, हा मात्र खास स्विचचा आजार.

डुप्लिकेट खोक्यातून काढला की पहिल्यांदा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, बघा. जुन्या कपलरशेजारी धरून पिना मोजा, फक्त आकार जुळून भागत नाही. मागचा वायपर असलेलं आणि नसलेलं, थांबून-थांबून चालणारा वायपर असलेलं आणि नसलेलं, अशी मॉडेलं दिसायला सारखी पण पिनांना वेगळी असतात. उजव्या आणि डाव्या स्टेअरिंगच्या गाड्यांत दांड्यांच्या बाजू उलट असू शकतात. कपलर जुन्या वायरिंगला लावून बघा: सैल बसला तर तो तापणारच.

प्लास्टिक ही या मालाची दुसरी दुखरी जागा. मूळ स्विचची बॉडी बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनसारख्या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची असते. स्वस्त मालात एबीएस सापडतं, आणि ते 100 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. साध्या दिव्यांना त्याने फरक पडत नाही. हेडलाइटला पडतो, आणि तो का ते हिशेबात दिसतं. 60/55 वॅटचे दोन बल्ब डिपरवर (खालच्या झोतावर) 110 वॅट घेतात, म्हणजे 12 व्होल्टला सुमारे सव्वानऊ अँपिअर, अप्परवर (लांबच्या झोतावर) 10. कॉन्टॅक्टमध्ये 0.1 ओहम एवढा जरी रोध आला, तरी 10 अँपिअरला एक व्होल्ट तिथेच खाल्ला जातो आणि नखाएवढ्या जागेत 10 वॅट उष्णता तयार होते. दिवा पिवळा पडतो तो यामुळेच. कोणी 100/90 वॅटचे बल्ब बसवले असतील तर अप्परला जवळपास 17 अँपिअर. ज्या गाड्यांत कारखान्यातूनच हेडलाइट रिले नव्हता, तिथे हा सगळा करंट दांडीतून जातो. अशा गाडीत नवा डुप्लिकेट तसाच लावणं म्हणजे पुन्हा जळण्याची सोय.

इलाज साधा आहे: डिपर आणि अप्परला एकेक 30 अँपिअरचा रिले, 30 नंबरची पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला फ्यूजमधून, 87 दिव्याकडे, 86 ला स्विचमधून येणारी जुनी वायर, 85 अर्थला. वायर 2.5 चौरस मिमी. मग स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, जेमतेम 0.15 ते 0.2 अँपिअर. हे जोडण्याआधी गाडीचा स्विच पॉझिटिव्ह बाजू तोडतो की अर्थची, ते टेस्ट लॅम्पने बघून घ्या. काही गाड्यांत अर्थ तोडतात, तिथे 85-86 ची जोडणी बदलते.

आता बसवण्याचं. स्विच बदलायला जेवढा वेळ जातो, त्यातला बहुतेक स्टेअरिंग व्हील काढण्यात जातो, आणि तोडफोडही तिथेच होते. एअरबॅग असलेली गाडी हा वेगळा विषय: तिथे बॅटरी काढल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय पॅडला हात लावू नये. पुढचं सगळं एअरबॅग नसलेल्या गाडीसाठी.

चाकं सरळ करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. हॉर्नचा पॅड कुठे नुसता ओढून निघतो, कुठे व्हीलच्या मागून दोन स्क्रू असतात. व्हीलच्या मधला नट सैल करताना व्हील दुसऱ्याकडून हाताने धरून घ्या. स्टेअरिंग लॉकवर जोर दिला तर लॉकची पिन तुटते. नट सुटला तरी पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे अडकवून ठेवा. नाहीतर व्हील सुटतं ते थेट तोंडावर. शाफ्टवर आणि व्हीलच्या बॉसवर (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागावर) एका रेषेत रंगाची खूण करा. खूण नसेल तर व्हील एक दाता इकडे-तिकडे बसतं आणि गाडी सरळ चालताना स्टेअरिंग वाकडं दिसतं.

हाताने डोलवून व्हील येत नसेल तर पुलर, म्हणजे व्हील ओढून काढायचं अवजार. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारायचा नाही. अपघातात आक्रसणाऱ्या स्टेअरिंग कॉलममध्ये (शाफ्टभोवतीच्या नळीत) प्लास्टिकच्या पिना असतात, त्या ठोक्याने तुटतात, आणि मग कॉलममध्येच ढिलेपणा येतो. पुलरचे बोल्ट बॉसच्या आटे असलेल्या भोकांत सारखे जाऊ द्या, पण गरजेपेक्षा आत नको. लांब बोल्ट पलीकडे निघतात आणि नेमके इंडिकेटर परतवणाऱ्या कॅमला भोसकतात. भोकं नसलेल्या व्हीलला नखांचा पुलर लावायचा तर पकड बॉसवरच हवी, काडीवर नाही.

मग खालचं कव्हर. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, त्यामुळे कोणता कुठला ते लिहून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर कव्हर फुटतं. जुनं प्लास्टिक थंडीत ठिसूळ असतं, हेअर ड्रायरने कोमट करून क्लिप सोडवा. स्विच तीन-चार स्क्रूंनी किंवा क्लॅम्पने कॉलमला धरलेला असतो. स्क्रूची डोकी मऊ असतात, बिट अगदी मापाचा घ्या. कपलर ओढताना बॉडी धरा, वायरी नाही.

जुना काढण्याआधीच एक गोष्ट करावी: नवा नुसता कपलरला लावून, हातात धरून, बॅटरी तात्पुरती जोडून सगळी कामं तपासायची. डुप्लिकेटमध्ये काचेवर पाणी मारणारा वॉशर आणि डिपर-फ्लॅश (दांडी ओढून क्षणभर अप्पर मारणं) एवढ्या दोन गोष्टी तपासायच्या लोक विसरतात आणि व्हील परत काढावं लागतं.

बसवताना दांडी मधोमध, चाकं सरळ, आणि व्हीलच्या मागची पिन स्विचच्या खाचेत. इंडिकेटर एका बाजूला पडलेला असताना व्हील दाबून बसवलं तर आतला खटका तुटतो. डुप्लिकेटची सगळ्यात मोठी तक्रार हीच ऐकू येते, की वळण झाल्यावर इंडिकेटर परत येत नाही. त्यातली काही प्रकरणं मालाची नसून या चुकीची असतात. खटक्याचं प्लास्टिक पातळ आहे, हेही खरंच. हॉर्नच्या तांब्याच्या कड्याला किंचित ग्रीस, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला.

भंगारातला मूळ स्विच मिळाला आणि त्याचा कपलर काळवंडलेला नसेल, तर डुप्लिकेटपेक्षा तो घ्यावा. कॉन्टॅक्ट काळे असले तरी साफ होतात. उघडताना पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा, कारण आतले छोटे छर्रे आणि स्प्रिंगा उडतात आणि सापडत नाहीत. वाळलेलं ग्रीस कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, कॉन्टॅक्टची पट्टी बारीक पॉलिश कागदाने, आणि पुन्हा ग्रीस लावताना सिलिकॉनचं टाळा. ठिणगी पडते तिथे त्याचा करंट न वाहणारा थर बसतो आणि महिन्याभरात पुन्हा तीच कटकट.

जुना जळका स्विच मात्र टाकू नका. डुप्लिकेटचा खटका तुटला, की जुन्यातला काढून त्यात बसू शकतो, आणि दांडीवरची चिन्हं डुप्लिकेटपेक्षा जुन्याचीच स्पष्ट असतात.