मानोनसाठी लिहिलेला कॉन्सर्टो: फाउस्ट आणि आबादोची सीडी

आर्किटेक्चरला असताना हिस्टरीच्या पेपरात वॉल्टर ग्रोपिअसवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं मी. १९१९ ला वायमारमध्ये बाउहाउस ही डिझाइनची शाळा, मग देसाऊची काचेची बिल्डिंग, मग हार्वर्ड, आणि तिथे आपल्या आचऱ्याचे आर्किटेक्ट अच्युत कानविंदे त्यांच्या हाताखाली शिकले, सगळं पाठ होतं. या माणसाला मानोन नावाची मुलगी होती आणि ती १८ व्या वर्षीच गेली, हे कळायला मात्र ही सीडी हातात यावी लागली.

तर सीडी अशी: हार्मोनिया मुंडी लेबल, २०१२, व्हायोलिनवर इझाबेल फाउस्ट, ऑर्केस्ट्रा मोझार्ट आणि कंडक्टर क्लाउदिओ आबादो. ऑस्ट्रियन संगीतकार आल्बान बर्गचा व्हायोलिन कॉन्सर्टो (म्हणजे एकटं व्हायोलिन आणि सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा) आणि सोबत बेथोव्हेनचा. मी इथे फक्त बर्गबद्दल लिहिणार आहे कारण गेले दोन महिने मी तोच ऐकतेय.

आधी मानोनबद्दल सांगते, कारण ते माहीत नसताना मी हे एकदा ऐकलं होतं आणि अर्ध्यातच बंद केलं होतं. आई अल्मा, म्हणजे संगीतकार माहलरची विधवा, बाबा ग्रोपिअस. जन्म ऑक्टोबर १९१६, पहिलं महायुद्ध चालू, बाबा फ्रंटवर. (कानविंदेंचं जन्मसालही १९१६ च! म्हणजे ग्रोपिअसच्या या विद्यार्थ्याच्याच वयाची मुलगी.) १९२० ला आईबाबांचा घटस्फोट झाला आणि ती आईकडे वाढली. १९३४ मध्ये व्हेनिसला असताना तिला पोलिओ झाला, पाय गेले, आणि वर्षभराने २२ एप्रिल १९३५ ला, ईस्टरच्या सोमवारी, व्हिएन्नात ती वारली. ग्रोपिअस तेव्हा नाझी जर्मनी सोडून लंडनला होते. अंत्यविधीला ते पोचले नाहीत.

बर्ग हा अल्माच्या घरचाच माणूस, मुलीला लहानपणापासून बघितलेलं. लुई क्रास्नर नावाच्या अमेरिकन व्हायोलिनवादकाने त्याच्याकडे कॉन्सर्टो मागितला होता पण तो ‘लुलू’ या ऑपेरात गुंतलेला, हात लागत नव्हता. मानोन गेली आणि एरवी अतिशय सावकाश लिहिणाऱ्या या माणसाने ऑगस्टपर्यंत अख्खा कॉन्सर्टो पूर्ण केला. वर लिहिलं, ‘एका देवदूताच्या स्मृतीस’. त्याच वर्षी २४ डिसेंबरला रक्तात विष पसरून तो स्वतःच गेला. एप्रिल १९३६ मध्ये बार्सिलोनाला हे पहिल्यांदा वाजलं तेव्हा ऐकायला तो नव्हता.

आता वादनाबद्दल. सुरुवातीला फाउस्ट जी, डी, ए, ई या चार मोकळ्या तारांवरून फक्त बो फिरवते, खालून वर, परत खाली. बैठक सुरू होण्याआधी कोणीतरी तानपुरा लावतंय तसं वाटतं. बाकीचे बरेच वादक इथूनच दुःख दाखवायला लागतात, ही ते करत नाही आणि मला तिचं हेच सगळ्यात आवडलं. पहिल्या भागात मुलगी अजून जिवंत आहे ना! मग नाचासारखा ठेका येतो, ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया भागातलं एक लोकगीत हॉर्नवर येतं, आणि ती ते अगदी हलकं, खेळकर ठेवते, कुठेही डोळ्यात पाणी आणून नाही. देवदूत वगैरे मोठ्यांनी नंतर दिलेलं नाव, इथे मला सतरा वर्षांची, चालती फिरती मुलगी दिसते.

दुसऱ्या भागात आजार येतो. ऑर्केस्ट्रा अंगावर येतो, एकच ठेका परत परत आदळतो. माझ्या आत्याला लहानपणी पोलिओ झाला होता, कॅलिपर घालून चालायची, ते जिन्यावर वाजायचं. हा ठेका ऐकताना मला प्रत्येक वेळी तो जिना आठवतो. लस १९५५ ला आली, मानोनला वीस वर्षं उशिरा, आत्याच्या गावातही वेळेत पोचली नाही.

आणि मग ते वादळ ओसरतं आणि बाखचं एक कोराल, म्हणजे चर्चमधलं प्रार्थनागीत, सुरू होतं, ‘पुरे झालं’ अशा अर्थाचं, मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसाचं. त्याचे पहिले चार सूर म्हणजे सा रे ग आणि तीव्र म, आपल्या कल्याण थाटाची सुरुवातच! बर्गने बारा सुरांची जी रांग (सप्तकातले बाराही सूर, प्रत्येक एकदाच, ठरलेल्या क्रमाने) सुरुवातीला बांधून घेतली होती तिच्या शेवटच्या चार सुरांत हाच आकार आहे, त्यामुळे ते बाहेरून आणून चिकटवल्यासारखं अजिबात वाटत नाही, पहिल्यापासून तिथेच होतं आणि आत्ता ऐकू आलं असं वाटतं. आधी व्हायोलिन म्हणतं, मग क्लॅरिनेट्स उत्तर देतात, हुबेहूब चर्चच्या ऑर्गनसारखी. आबादोने त्या क्लॅरिनेट्स इतक्या हळू ठेवल्यात की श्वास रोखून ऐकावं लागतं. शेवटी ते लोकगीत लांबून एकदा येऊन जातं, आणि व्हायोलिन खूप वरच्या ‘जी’ या सुरावर जाऊन थांबतं.

एक तक्रार आहे. आजाराच्या भागात मला अजून राग हवा होता, फाउस्ट तिथेही जरा सभ्यच राहते. तो राग हवा असेल तर आन-सोफी मुटरची शिकागो सिम्फनीबरोबरची, लेव्हाइनने कंडक्ट केलेली ऐका. आणि जुन्या खरखरीची हरकत नसेल तर १ मे १९३६ चं लंडनचं बीबीसीचं रेकॉर्डिंग जरूर ऐका, स्वतः क्रास्नर वाजवतोय आणि बर्गचा जवळचा मित्र वेबर्न कंडक्ट करतोय, बर्गला जाऊन जेमतेम चार महिने झालेले. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी फाउस्टचीच देईन. पाचपैकी साडेचार.

रात्री, हेडफोनवर ऐका, गाडीत नको, शेवटची पाच मिनिटं ट्रॅफिकमध्ये ऐकूच येणार नाहीत. आणि संपल्यावर बेथोव्हेन आपोआप लागायच्या आत थांबवा.

मानोन व्हिएन्नातल्या ग्रिन्झिंगच्या स्मशानभूमीत आहे. तिच्या थडग्यावरची त्रिकोणी शिळा ग्रोपिअसनी डिझाइन केलेली आहे. दहा मार्कांच्या त्या उत्तरात मी त्यांच्या सगळ्या बिल्डिंग्ज लिहिल्या होत्या, ही शिळा राहिली होती.