एकवीस तारा की आठ? छोट्या आयसीयूतला ईईजी

या उन्हाळ्यापासून आजूबाजूच्या तालुक्यांतले तीन-चार डॉक्टर मित्र एकच गोष्ट विचारताहेत. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णांसाठी ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, घ्यायचा आहे, तर पूर्ण २१ इलेक्ट्रोडचं मशीन घ्यावं, की आठ तारांचं, खाटेजवळ रात्रंदिवस चालू राहणारं? मी दोन्ही वापरली आहेत. आधी मोठं घेतलं, आता छोटं चालवतो.

डोक्याचा मार आमच्याकडे नवा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पांढरकवड्यावरून ४४ नंबरचा हायवे जातो, वेचणीच्या दिवसांत कापसाच्या गाड्या रात्रीही रस्त्यावर असतात आणि गावातल्या गावात हेल्मेट कोणी घालत नाही. ऑपरेशन लागणारा रुग्ण आम्ही नागपूरला किंवा सेवाग्रामला पाठवतो. मागे उरतात ते दोन प्रकारचे. काहींच्या सीटीत काढण्यासारखी गुठळी नसते, पण जीसीएस, म्हणजे शुद्धीचा पंधरापैकी आकडा, सहा-सातच्या वर सरकत नाही. बाकीचे नागपुरात पैसे संपले म्हणून आठव्या दिवशी परत आणलेले. त्यांचा मुलगा दाराशी उभा राहून विचारतो, "सायेब, बाबा काहून उठून नाही राहिले?"

त्याचं एक उत्तर मेंदूच्या आत चालू असलेले झटके (फिट) हे असू शकतं. लॉस एंजेलिसच्या एका पथकाने १९९९ मध्ये मध्यम ते गंभीर मार लागलेल्या ९४ रुग्णांचा सतत ईईजी घेतला. त्यांतल्या २२ टक्क्यांना झटके सापडले, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचे हातपाय हललेच नव्हते. झटके रोखणारं फेनिटॉइन पहिल्या दिवसापासून चालू होतं, तरीही.

मोठ्या मशीनची बाजू आधी सांगतो, कारण ती खरी आहे. २१ ठिकाणांहून लहरी मिळाल्या की झटका नेमका कुठून उठतो ते दिसतं. नागपूरच्या न्यूरोलॉजिस्टला रेकॉर्डिंग पाठवलं की ते निःशंक रिपोर्ट देतात. कवटीचा तुकडा काढलेल्या रुग्णात त्या जागेवरच्या लहरी मोठ्या आणि टोकदार दिसतात, नवख्याला तो झटकाच वाटतो. तिथे आजूबाजूचे इलेक्ट्रोड असले की फसगत टळते.

माझी अडचण मशीनची नव्हती, चिकटण्याची होती.

आमच्याकडचा रुग्ण शेतातून किंवा रस्त्यावरून थेट येतो. केसांना तेल असतं, त्यात माती आणि रक्त. जखमेमुळे डोकं धुता येत नाही, अर्ध्यावर बँडेज असतं. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश, त्यात व्होल्टेज पडलं की एसी नावालाच उरतो. घामाने पेस्ट सैल होते. ती सुटण्याआधीच लहरी संथ डुलायला लागतात, आणि ते डुलणं डेल्टासारखं, म्हणजे इजा झालेल्या मेंदूच्या संथ लहरींसारखं दिसतं. मेंदू आहे त्यापेक्षा वाईट वाटायला लागतो. कोलोडियन नावाच्या पक्क्या गोंदाने चिकटवून पाहिलं. टिकतं, पण काढायला अॅसिटोन लागतं आणि बंद खोलीत तो वास कोणालाच सोसवत नाही. रात्री दोनला सिस्टर सांगायची, "सर, पुन्हा चार तारा निघाल्या." टेक्निशियन साठ किलोमीटरवर राहणारा. मोजमाप करून २१ जागा शोधायचं काम रात्रीच्या सिस्टरवर टाकणं अन्याय होता. हळूहळू ते मशीन सकाळी अर्धा तास लावून काढून ठेवायचं झालं. सतत चालवण्यासाठी घेतलं होतं, ते सतत चाललंच नाही.

अर्ध्या तासात काय सुटतं ते मला एका तरुणाने शिकवलं. जिनिंगवरून परत येताना गाडीवरून पडलेला. सकाळचा ईईजी संथ होता, झटका नव्हता. सेडेशन (झोपवून ठेवणारं औषध) बंद करून दोन दिवस झाले तरी तो जागा होईना, आणि मार जबर आहे असं मी घरच्यांना सांगून मोकळा झालो. तेव्हा आठ तारांचं मशीन आमच्याकडे नुकतंच चाचणीसाठी आलेलं होतं. ते लावलं. रात्री पावणेतीनच्या सुमारास डाव्या बाजूला एकसारखी लय उठली आणि दीड मिनिटाने शमली. पुन्हा उठली. बाहेरून फक्त पापणी फडफडत होती. नागपूरला दाखवून औषध वाढवलं. तिसऱ्या दिवशी त्याने आईकडे पाहिलं. तो त्यामुळेच उठला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, सूजही उतरत होती. पण सकाळी मी घरच्यांना सांगितलेलं वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

आठ तारांमध्ये सोय अशी की बऱ्याचशा केसांच्या रेषेबाहेर बसतात: कपाळावर, कानशिलावर, कानामागे. तिथे तेल कमी, पुसायला सोपं. आमच्या सिस्टर आता निघालेली तार दोन मिनिटांत परत लावतात आणि पडद्यावर लहरींचा गोषवारा दाखवणारा रंगांचा पट्टा बदलला की हाक मारतात.

उणीव लपवत नाही. डोक्याच्या माथ्याजवळून उठणारा झटका या तारांच्या नजरेतून निसटू शकतो. चघळण्याच्या हालचाली, छातीची फिजिओथेरपी, व्हेंटिलेटरच्या नळीतलं पाणी हे सगळं पडद्यावर लय म्हणून उमटतं. दोन-तीनदा आम्ही उगाच औषध भरून तयार राहिलो होतो. शंका राहिली की मी आजही २१ तारांचा एक ईईजी काढून घेतो, त्यासाठी टेक्निशियनला बोलावतो. ज्यांच्याकडे रात्रीचा टेक्निशियन आहे त्यांनी मोठंच घ्यावं, यात मला वाद वाटत नाही. कपाळावरची भूलतज्ज्ञांची बीआयएस पट्टी, भूल किती खोल आहे ते आकड्यात सांगणारी, मात्र याला पर्याय समजू नका. तिचा आकडा स्नायूंच्या हालचालीने वर चढतो आणि झटका ओळखणं हे तिचं कामच नाही.

किती वेळ ठेवायचा? २००४ मध्ये अमेरिकेतल्या ५७० रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांना झटके सापडले, त्यांतल्या ८८ टक्क्यांना ते पहिल्या २४ तासांतच सापडले होते. पण झटके सापडलेल्यांपैकी जे कोमात होते, त्यांच्यातल्या २० टक्क्यांना पहिला झटका सापडायला २४ तासांहून जास्त लागले. आपले रुग्ण याच दुसऱ्या गटातले. म्हणून मी दोन दिवस तारा काढत नाही.

घ्यायचंच ठरलं तर डेमो सकाळी एसी केबिनमध्ये स्वतःच्या कपाळावर बघू नका. कंपनीच्या माणसाला संध्याकाळी बोलवा, तेल लावलेल्या डोक्यावर तारा लावून द्यायला सांगा आणि रात्री त्यातल्या दोन मुद्दाम काढून ड्युटीवरच्या सिस्टरच्या हातात द्या.