एका पाइपचा पोर्टेबल एसी, उष्णतेच्या लाटेत अकरा रात्री वापरून

चाकांवर ढकलत नेता येतो आणि मागचा जाड पाइप खिडकीतून बाहेर सोडायचा असतो, त्या पोर्टेबल एसीबद्दल लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण नंतर बरंच वाचल्यावर कळलं की याचे गुण आणि दोष दोन्ही एका पाइपच्या रचनेतूनच येतात, वर स्टिकर कुणाचंही असो. पाचपैकी साडेतीन स्टार. पहिल्या रात्री विचारलं असतं तर एक दिला असता.

आधी परिस्थिती सांगते, नाहीतर गरम भागातल्या लोकांना वाटेल ३८ अंशांत एवढं काय. आम्ही राहतो तिथे उन्हाळा म्हणजे २२-२३ अंश, अगदीच झालं तर दोन-चार दिवस २७. घर बांधलंय ते थंडी डोळ्यासमोर ठेवून, भिंतींत इन्सुलेशन, दुहेरी काचा, मोठमोठ्या खिडक्या म्हणजे हिवाळ्यात जेवढं ऊन मिळेल तेवढं आत यावं, आणि छताला पंख्याचा हुकसुद्धा नाही. या वर्षी हवेच्या जास्त दाबाचा पट्टा असा काही वर येऊन बसला की आठवडाभर हललाच नाही, वरून खाली दबणारी हवा दबता दबता आणखी तापते आणि ढग धरू देत नाही, म्हणजे दिवसभर कोरडं ऊन. पहिल्या दिवशी ३४, मग ३६, मग ३८. पहिला दिवस घराने झेलला, आत २६ होतं आणि आम्हाला वाटलं बरं आहे की. पण जे इन्सुलेशन गरमी आत येऊ देत नाही तेच आत शिरलेली गरमी बाहेरही जाऊ देत नाही. काचांतून आलेलं ऊन जमिनीत, भिंतीत, गाद्यांत मुरत गेलं आणि तिसऱ्या रात्री अकरा वाजता बेडरूममध्ये ३२.५ अंश होते. बाहेर २५! एरवी या दिवसांत रात्री १३-१४ पर्यंत उतरतं. आई म्हणाली, अगं भिंतीला हात लावून बघ, ताप आलाय तिला.

आई ७४ वर्षांची आहे, बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळी घेते, आणि त्या रात्री ती उठून बसली तेव्हा दोन मिनिटं तिला कळेना आपण कुठल्या खोलीत आहोत. पाणी दिलं, ओल्या टॉवेलने हात, मान, पाय पुसून काढले, मग सावरली. मी खूप घाबरले. सकाळी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळीचं बघितलं (गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, विचारूनच) आणि सांगितलं की काहीही करून रात्री झोपायची खोली थंड ठेवा. म्हणून हे मशीन आलं.

त्यानंतर मी २०२१ च्या कॅनडातल्या लाटेबद्दल वाचलं. ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावात २९ जूनला ४९.६ अंश झाले होते आणि दुसऱ्या दिवशी आगीत ते गाव बहुतेक जळून गेलं, ती बातमी सगळ्यांना आठवत असेल. पण त्या लाटेत त्या प्रांतात ६१९ माणसं गेली आणि त्यातली ९८ टक्के घरात किंवा कुठल्यातरी इमारतीच्या आत, निम्म्याहून जास्त एकटी राहणारी, हे मला माहीत नव्हतं. उन्हात फिरणारी नाहीत, आपल्या घरात बसलेली माणसं. ब्रिटनमध्ये २०२२ च्या १९ जुलैला कोनिंग्जबीला ४०.३ नोंदलं गेलं, तिथे ४० च्या वर पारा जाण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे ही वेळ आता कुठेही येऊ शकते, आणि जिथे शरीराला आणि घरालाही सवय नाही तिथे ३८ हे ३८ राहत नाहीत.

आता मशीन. खोक्यावर भल्यामोठ्या आकड्यात १४,००० बीटीयू लिहिलंय, म्हणजे तासाला किती उष्णता बाहेर काढतं त्याचं माप. १२,००० बीटीयू म्हणजे एक टन, आणि हा टन वजनाचा नाही, पूर्वी बर्फाने थंड करायचे तेव्हाचं माप आहे, एक अमेरिकन टन म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी. म्हणजे माझ्या हिशेबाने एक टनाहून थोडा जास्तच एसी होता, हॉल आणि बेडरूम दोन्ही सहज होईल असं धरून चालले होते. इथेच फसले. अमेरिकेत आता या मशीनवर दुसराही एक आकडा छापावा लागतो, पाइपमुळे होणारं नुकसान वजा करून, आणि १४,००० वाल्या मशीनचा तो आकडा साधारण ८ ते १० हजारांच्या आसपास असतो. खोक्यावर दोन आकडे असतील तर लहान आकडा वाचा, तोच खरा.

पहिल्या संध्याकाळी हॉलमध्ये लावलं. किटमधली प्लास्टिकची पट्टी सरकत्या खिडकीसाठी होती, आमची खिडकी आत उघडते, म्हणून पाइप नुसता फटीतून बाहेर काढला आणि वर उशी कोंबली. चार तास चाललं, ३३ वरून ३०.५ वर आलं, आणि मशीनच्या समोर बसलं तर गारेगार, दोन पावलं बाजूला गेलं की तेच. रडायला आलं होतं खरंच. रात्री सहज दाराच्या फटीपाशी हात गेला तर तिथून गरम हवेचा झोत आत येत होता, चांगला जोरात, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

होतं काय की मशीनच्या आतला गरम भाग थंड करायला ते खोलीतलीच हवा घेतं आणि पाइपमधून बाहेर फेकतं. तासाला काही शे घनमीटर हवा. माझी बेडरूम सगळी मिळून जेमतेम ३० घनमीटर. म्हणजे जी हवा आत्ताच थंड केली तीच बाहेर, आणि तिची जागा भरायला दारं, खिडक्या, बाथरूमची जाळी, जिथे फट असेल तिथून बाहेरची तापलेली हवा ओढली जाते. दोन पाइपवाल्या मशीनमध्ये एक पाइप बाहेरचीच हवा आत घेतो आणि दुसरा ती बाहेर सोडतो, म्हणून खोलीवर असा ओढा पडत नाही. मिळत असेल तर दोन पाइपचंच घ्या, हे मी ठामपणे सांगेन. लाटेच्या मधोमध दुकानात जे शिल्लक असतं तेच मिळतं हेही खरं.

आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका, ही मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती आणि माझ्या मते खोक्यावर पहिली हीच हवी. घरात गॅस गीझर, शेगडी, लाकडाची चूल, धुराडं असं ज्वलनाचं काहीही असेल आणि ते त्याच खोलीत किंवा लागून असेल तर हे मशीन त्याच्या धुराड्यातूनही हवा उलटी खेचू शकतं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात. त्याला वास नसतो. दोन्ही एकाच वेळी चालवू नका आणि अलार्म लावून घ्या.

दुसऱ्या दिवशी सगळं बदललं. घरातली सगळ्यात लहान खोली निवडली, आईची. खिडकीसाठी वेल्क्रो आणि चेनवालं कापडी सील मागवलेलं ते येईपर्यंत जाड पुठ्ठा खिडकीच्या मापाचा कापला, पाइपच्या मापाचं भोक पाडलं, कडांना रुंद चिकटपट्टी. (नंतर सील आलं, पण खरं सांगू, पुठ्ठा जास्त घट्ट बसतो, कापड वाऱ्याने फुगतं.) पाइप ताणून लांब सोडला होता तो दाबून अर्धा केला, कारण पाइप स्वतःच इतका तापतो की हात ठेववत नाही, खोलीत हीटर ठेवल्यासारखाच तो, म्हणून जेवढा लहान आणि सरळ तेवढा चांगला, त्यावर जुनी रजई गुंडाळून दोरीने बांधली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खिडकीच्या बाहेरून पांढरी चादर टांगली. आतल्या पडद्याचा फारसा उपयोग होत नाही, ऊन एकदा काचेच्या आत आलं की पडदा तापतो आणि ती गरमी खोलीतच राहते, अडवायचं ते काचेच्या बाहेरच. नुसत्या चादरीने दुपारचं तापमान दोन अंशांनी कमी राहिलं, मशीन सुरू न करता.

त्या रात्री साडेनऊला सुरू केलं तेव्हा ३१, अकराला २८, दोनला २५.५. आई सरळ सहा तास झोपली. मी तिच्या खोलीत खाली गादी टाकून झोपले होते आणि दर तासाला तिचा श्वास ऐकत होते, चौथ्या रात्रीपासून मीही झोपायला लागले.

मशीनच्या बाजूने आणखी एक, ते हवेतलं पाणी काढतं आणि ते पाणी आतल्या गरम भागावर उडवून पाइपातून वाफ बनवून बाहेर घालवतं, त्यामुळे कोरड्या रात्री टाकी रिकामी करावी लागलीच नाही. सातव्या दिवशी मात्र हवा दमट झाली आणि पहाटे तीनला टाकी भरून मशीन आपोआप बंद, बीप बीप करत, खोली परत २९ वर. तेव्हापासून मागचं बूच काढून खाली पसरट भांडं ठेवते.

आवाज. साधारण ६० डेसिबलच्या पुढे असणार, दोघांनी मोठ्याने बोलावं एवढा सतत, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना धाडकन हादरा. ज्यांची झोप सावध आहे त्यांना त्रास होईल. खाली जाड चटई घातल्यावर हादरा कमी झाला. एक उपाय सापडला तो असा की संध्याकाळपासून खोली थंड करून ठेवायची, भिंती-गाद्या निवल्या की रात्री मशीनला कमी धावावं लागतं.

विजेचं, १३०० वॉटच्या आसपास ओढतं. भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेन्शन बोर्ड तापून वितळू शकतो. आणखी एक चूक माझ्याकडून झाली असती, गाडीतून मशीन आडवं आणलं होतं आणि आणल्या आणल्या लावणार होते, पण आडवं केल्यावर कॉम्प्रेसरचं तेल जागचं हलतं, म्हणून उभं करून काही तास थांबायचं असतं. मशीनची हवा गाळणारी जाळी मी आठवड्यात दोनदा धुतली, न धुता हवा निम्मी वाटते.

बऱ्याच जणांनी विचारलं की एवढं करण्यापेक्षा पंखा का नाही. पंखा पण आणला, आणि बाकीच्या घरात तोच चालतो. पंखा हवा थंड करत नाही, घाम उडवतो, एक लिटर पाणी अंगावरून वाळताना जवळपास पाऊण युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं, म्हणजे घाम येत असेल किंवा अंग ओलं ठेवलं तर तो फार कामाचा. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर पंखा वापरू नये, तो अंगावर गरम हवाच मारतो, आणि म्हाताऱ्या माणसांना मुळात घामच कमी येतो, तहानही कमी लागते. आईला तहान लागलीच नव्हती त्या रात्री. तरुण, धडधाकट माणसाला बाहेरून सावली, पहाटे सगळ्या खिडक्या उघडणं, सूर्य वर आला की बंद, आणि एक पंखा एवढ्यात बहुतेक निभेल, त्यांनी हे मशीन घेण्याची घाई करू नये. पाण्याच्या कूलरबद्दल एवढंच, हवा कोरडी असेल आणि खिडकी उघडी ठेवता येत असेल तरच, बंद खोलीत तो दमटपणा वाढवून ठेवतो.

ज्यांच्या घरात वयस्कर माणूस, तान्हं बाळ, हृदयाचा किंवा किडनीचा आजारी आहे आणि भिंतीत कायमचा एसी बसवता येत नाही, भाड्याचं घर आहे, बाहेरचं युनिट लावायला परवानगी नाही, त्यांनी घ्या. एका लहान खोलीसाठी, रात्रीसाठी. अख्खं घर थंड करायला घेणार असाल तर नका घेऊ, ते होणार नाही. आणि लाट यायच्या आधी घ्या, खिडकीचं माप मोजून पुठ्ठा आधीच कापून ठेवा, कारण ३३ अंशांत घामाघूम होऊन डोकं चालत नसताना रात्री दहाला कात्री शोधण्यात फार ताकद जाते.

दीड स्टार कापलाय तो एका पाइपसाठी आणि आत उघडणाऱ्या खिडकीचं काहीही किटमध्ये न देण्यासाठी.

परवा पाऊस आला, बाहेर १७. मशीन नुसतं पंख्यावर अर्धा दिवस चालवून आतून वाळवलं, पाणी काढलं, उभंच कपाटात ठेवलं. पुठ्ठ्यावर आईने तिच्या अक्षरात लिहिलंय, ही बाजू बाहेर.