100 पिल्लं, एक अंडं नाही: माझे 24,600 गेले, तुमचे घालवू नका

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातला आहे मी, गाव सांगत नाही, आधीच लोक हसतायत. घरची अंडी, घरचं औषध, दवाखान्याचा खर्च कमी, एवढंच डोक्यात ठेवून कोंबड्यांची एक स्कीम घेतली. 2019 ला कडकनाथ (काळ्या कोंबड्या) पाळायला लावणाऱ्यांनी सांगलीकडं लोकांना बुडवलं तेव्हा पेपर वाचून "एवढं कळत नाही का यांना" म्हणणारा मीच.

स्कीम अशी, 15 दिवसांची लस दिलेली गावरान पिल्लं, औषधी रोपांचं किट आणि वरून बायबॅक, अंडं 12 रुपयाला ते घेणार, शतावरीच्या मुळ्या दीड वर्षाने घेणार. दीड वर्ष! तोवर कोण कुठं असणार, हे आत्ता कळतंय.

बुकिंग 2,100 (बिलात वळते करू म्हणाले, केले नाहीत), पिल्लं 95 प्रमाणे 9,500, रोपं 4,800, गाडीभाडं 1,200, "विमा" 850. झाले 18,450. वर खाद्याचे माझे 6,150. पैसे कंपनीच्या खात्यावर नाही, एका बाईच्या नावाच्या फोनपेवर. तिथंच थांबायला पाहिजे होतं.

पण खरं थांबायचं होतं त्या रात्री. फेब्रुवारी, साडेदहा वाजलेले, लाईट गेलेली, टेम्पोवाला म्हणे लवकर करा, चोपड्याला जायचंय. मोबाईलच्या उजेडात क्रेट उघडलं तर सगळी पिल्लं एकसारखी पिवळी. पंखावर पिसाचं नाव नाही, म्हणजे दोन-तीन दिवसांचीच. माय मागून म्हणाली, "भाऊ, ह्या गावरान नही शेतस." अहो, गावरान कोंबडीखालची पिल्लं कुठं एका रंगाची असतात का, एक काळं, एक पट्ट्याचं, एक तांबूस. लहानपणापासून बघतोय मी. तरी मी मायला म्हणालो तू गप्प बस, सुधारित जात आहे. थंडी होती, अंधार होता, तो घाई करत होता, तुम्ही असते तर तुम्हीपण सही केली असती. वर त्याने क्रेट हातात देऊन माझा फोटो काढला.

सकाळी मोजली तर 94. बल्ब लावले, पोती टांगली, तरी आठवड्यात 43 गेली. उरलेल्या 51 ना एप्रिलपर्यंत लालभडक तुरे आले आणि सगळे आरवायला लागले. सगळे! जनावरांचे डॉक्टर म्हणाले हे लेयरचे, म्हणजे अंड्यासाठीच्या जातीचे नर, अंड्याच्या धंद्यात यांचा उपयोग नसतो म्हणून हॅचरीतून मातीमोल भावात निघतात. शतावरी निघाली बुकेत घालतात ती शोभेची. गुळवेल खरी होती, पण ती माझ्याच बांधावरच्या कडुलिंबावर फुकट चढलीय, ती मी विकत घेतली.

पोलिसांकडं गेलो तर "हे दिवाणी आहे, कोर्टात जा". परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा म्हणे ऑनलाईन पैसे दिले ना, मग सायबरला जा, सायबरवाले म्हणे 1930 ह्या ऑनलाईन फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन का नाही केला, अहो पण पिल्लू नर आहे हे लगेच कसं कळणार, त्याला तुरा यायला नको? पंचायत समितीत म्हणे आम्ही औषध देतो, खरेदीत पडत नाही. एका टेबलावरून तर "कोंबडे आहेत ना, मग पार्टी द्या" असं ऐकलं. अर्ज घेतला पण पोच दिली नाही. पोच घ्याच, त्याशिवाय हलू नका.

ग्राहक आयोगात 5 लाखापर्यंत फी नाही, तिथं टाकतोय आता. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल घ्या, चिठोरं नको. रात्री माल उतरवून घेऊ नका. पिल्लं सरकारी उबवणी केंद्रातून घ्या, छत्रपती संभाजीनगरला आहे, रोपांचं रावेर तालुक्यातल्या पाल गावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि घरातल्या म्हातारीचं ऐका.

परवा मेहुण्याने ही स्कीम देणाऱ्या एजंटचं स्टेटस दाखवलं, "आमचे समाधानी शेतकरी". क्रेट धरून दात काढणारा तो माणूस मीच आहे. काढ म्हणून फोन केला तर मला ब्लॉक केलेलं.